कौसाआत्याची कैरी आणि माझा ट्रम्पेट

माझ्या वरच्या ओठावर मधोमध एक गोल वण आहे. आमच्या पवनीत कोणी नवा न्हावी दुकान टाकतो तेव्हा पहिल्याच दाढीला विचारतो, "काकाजी, हे काय लागलं जी?" मी सांगतो, "बायकोनं डाग दिला." त्यावर तो वस्तरा थांबवून माझ्याकडे आदरानं बघतो. खरं कारण सांगितलं तर एवढा आदर मिळत नाही. सारी उमर ज्यानं लग्नाच्या बाजात ट्रम्पेट वाजवला, त्याच्या ओठावर माउथपीसचा शिक्का बसतोच. सरकारी माणसाला पेन्शन मिळते, आम्हाला हा वण.

ट्रम्पेट म्हटलं की लोक म्हणतात, "अच्छा, पिपाणी!" पूर्वी मी भांडायचो, आता "हो" म्हणतो. पण वाचणाऱ्यांना निदान एवढं तरी कळावं, की या वाद्याला फक्त तीन बटणं असतात. पेटीवाल्याचं बरं आहे, पट्टी दाबली की सूर हजर. आमच्याकडे तेच बटण दाबून ओठ सैल सोडला तर एक सूर, आवळला तर दुसरा, आणखी आवळला तर तिसरा, आणि माणूस घाबरला तर चौथा, जो कोणत्याच गाण्यात नसतो. सुरुवातीला बराच काळ मी या चौथ्या सुरात तरबेज होतो.

खरं म्हणजे बाजात मी वाजवायला गेलोच नव्हतो. उभा राहायला गेलो होतो. गिऱ्हाईक बाजा ठरवतं ते माणसं मोजून, आणि खरे वाजवणारे तेवढे कुठून आणणार? मग उंचीला बरे दोन-तीन गडी लाल कोट घालून उभे करायचे आणि त्यांच्या वाद्यात चिंधी कोंबायची, म्हणजे चुकून फुंकलं तरी आवाज नाही. मी धानाच्या शेतकऱ्याचा पोरगा, धानाची कापणी झाली की रिकामा. मला हे काम फार मानवलं. गाल असे फुगवायचो, डोळे असे मिटायचो, की लोक खऱ्या वाजवणाऱ्याला सोडून माझ्याकडे बघत. एका लग्नात नवरीच्या बापानं खूष होऊन माझ्याच गळ्यात हार घातला. दुपारभर एकट्यानं सगळी गाणी ओढून दमलेले आमचे बँड मास्तर तो हार बघून म्हणाले, "शालिक, आता तुले वाजवणं शिकवाच लागते. नाही तं उद्या मलेच चिंधी कोंबून उभं राहा लागंन."

मास्तर मूळचे बपेऱ्याचे. गावापलीकडे मध्य प्रदेश लागतो, त्यामुळे राग आला की ते हिंदीत जायचे. शिकवताना ते बहुतेक हिंदीतच असत. पहिले कित्येक दिवस त्यांनी मला ट्रम्पेटला हात लावू दिला नाही. नुसते ओठ मिटून त्यातून हवा काढायची, माशी गुणगुणते तसा आवाज आला पाहिजे. "बेटा, ट्रम्पेट कुछ नहीं करता. मक्खी तू है, वो सिर्फ मक्खी को बडा करता है." माझी सगळी कीर्ती ज्या गालांवर उभी होती, ते गाल त्यांनी पहिल्याच दिवशी मोडीत काढले. गाल फुगला म्हणजे हवा तिथंच मुक्कामाला थांबली, ओठापर्यंत पोचलीच नाही. मी फुंकत असताना ते दोन्ही गालांवर बोटं रोवून बसायचे.

दम पोटातून घ्यायचा, यासाठी उताणं झोपून पोटावर वरवंटा ठेवायचा आणि श्वासानं तो वर-खाली करायचा. घरी मी हा अभ्यास मन लावून करत असे. स्वयंपाकघरातून बायको हाक मारायची, "झालं असन तं पोटावरचं उतरवा जी, चटणी वाटाची हाये." वेणूनं माझ्या कलेला कधी विरोध केला नाही, फक्त तिला कलेपेक्षा चटणीची घाई असे.

लांब सूर धरायचा सराव मी संध्याकाळी बोडीच्या पाळीवर करायचो. आमच्याकडे शेतातल्या लहान तळ्याला बोडी म्हणतात. सुरुवातीला माझा आवाज ऐकून म्हशी पाण्यातून उठून निघून जात. काही दिवसांनी त्या बसून राहू लागल्या, तेव्हा मी आनंदानं घरी येऊन सांगितलं, की आपला सूर लागला. वेणू म्हणाली, "सूर नाही जी, त्यायले सवय झाली."

तरीही सूर लागला होता. म्हशींपुढे माझा ओठ कधी हलला नाही. अडचण माणसांची होती. समोर चार डोळे दिसले की ओठ थरथरायचा. मास्तर म्हणत, तंत्र हात-ओठ शिकतात, हिंमत मात्र मांडवातच शिकावी लागते. म्हणून एका वैशाखात, दिघोरीच्या लग्नात, त्यांनी मला पुढं उभं केलं. "आज समोर तू." नेमकं दिघोरी त्यांनी का निवडलं, हे मला आजही कळलेलं नाही. 

तिथल्या नवरीच्या घराण्यात एक खोडी चालत आलेली होती. नवरदेव जानोशावरून, म्हणजे वऱ्हाड उतरतं त्या जागेवरून, बाजा लावून मांडवाकडे येतो. मांडवाच्या दारात त्याला ओवाळून होईपर्यंत सूर थांबता कामा नये. आणि नवरीकडच्या बायकांचा हक्क असा, की बाजेवाल्याला हात न लावता त्यांनी बाजा बंद पाडून दाखवायचा. बंद पडला की नवरदेव मुका ठरला. मग पंगतीत, नाव घेताना, हळद उतरवताना, सगळीकडे त्याला मुका म्हणून चिडवायचं आणि त्यानं ऐकून घ्यायचं.

बंद पाडण्याचं काम नवरीच्या आत्याकडे होतं. कौसाआत्या. नवरा लवकर वारल्यानं माहेरीच राहिलेली, ठेंगणी, हिरव्या लुगड्यातली बाई. तिनं दारात पाट मांडला, त्यावर ऐसपैस बसली आणि पिशवीतून एक कच्ची कैरी काढली. चाकूनं फोड कापली, तिखट-मीठ लावलं, माझ्या डोळ्यांत डोळे घातले आणि कचकन चावली. मग डोळे बारीक केले, खांदे शहारून घेतले आणि टाळूला जीभ लावून एक "टक्" असा आवाज काढला.

वाचकहो, आता हे वाचतानाच तुमच्या तोंडाला पाणी सुटलं असेल. तुम्ही आवंढा गिळला आणि पुढं वाचायला लागलात. ट्रम्पेटवाल्यानं काय करावं? त्याच्या ओठांवर पितळ टेकलेलं, दम अर्धा बाहेर गेलेला, आणि तोंडात मोट रिकामी झालेली. ओठ ओले झाले की माउथपीस घसरतं, पाणी नळीत उतरतं आणि सूर चूळ भरल्यासारखा वाजायला लागतो. माझा तसाच वाजला. शेजारच्या क्लॅरिनेटवाल्याची तीच गत. ढोलवाल्यांना कैरीचं काहीच नाही, ते तर वाजवता वाजवता आत्याकडे फोड मागत होते. पण सूर थांबला की बाजा थांबला, असा तिथला नियम. दुसरी फोड तोंडात जायच्या आत मी थांबलो.

मांडवात जो हशा पिकला तो अजून कानात आहे. घोडीवरच्या नवरदेवाचं, धनराजचं, तोंड मला बघवेना. बिचारा हौशी माणूस, मुंडावळ्यांच्या आड लाल झाला होता.

 पवनीला पोचल्यावर मास्तरांनी माझ्या हातातला ट्रम्पेट काढून घेतला आणि खुळखुळा दिला. खुळखुळा हे वाद्य वाईट नाही. पण ज्यानं एकदा सूर काढला, त्याला तो हलवताना रोज मनातल्या मनात मेल्यासारखं होतं. पुढचे किती तरी हंगाम मी तो हलवला. बोडीच्या पाळीवर जाणंही सोडलं. वेणूनं एकदा विचारलं, "म्हशी वाट पाहून राहिल्या, जात काहून नाही?" मी तिच्यावर उगाच खेकसलो.

मग मास्तरांचे दात गेले. आमच्या धंद्यात हा अपघात नवा नाही. बाजा पुढे, नवरदेवाची घोडी मागे, आणि कोणीतरी हौसेनं फटाका लावतो. घोडी दचकून पुढे आली, तिचं डोकं मास्तरांच्या पाठीत बसलं आणि ट्रम्पेट मास्तरांच्या समोरच्या दोन दातांत. ओठाला मागून दाताचा टेका नसेल तर सूर उभाच राहत नाही. क्लॅरिनेटवाला आधीच धुमालीत गेला होता. धुमाल म्हणजे गाडीवर चढवलेले ढोल, कीबोर्ड आणि छातीची हाडं मोजता येतील असे भोंगे. आमची बोलावणी आधीच निम्म्यावर आली होती.

अशात एके दिवशी धनराज मास्तरांच्या दारात उभा. तोच, मुका नवरदेव. आता दोन लेकरांचा बाप. त्याच्या धाकट्या भावाचं लग्न त्याच्याच धाकट्या साळीशी, बायकोच्या बहिणीशी, जुळलं होतं. म्हणजे तेच घर, तेच दार, तीच आत्या.

"मास्तर, बाजा तुमचाच पाहिजे," तो म्हणाला. "मले आजबी सासरी पंगतीत बाया म्हणतात, मुक्या जावयाले वाढा वो, ते मांगत नाहीत. माहा भाऊ म्हणते धुमाल लावू. पर धुमालपुढं आत्या कैरी खाऊन का करन? त्यात बदला कोठी हाये? मले तोच बाजा पाहिजे आन तोच माणूस पाहिजे." आणि त्यानं बोट माझ्याकडे केलं. मी हातातला खुळखुळा पाठीमागे लपवला.

 मास्तर मला म्हणाले, "इस बार तू बंद पडा, तो समझ ले बाजा ही बंद. मैं लाल कोट उतार के बपेरा चला जाऊंगा."

 वेणूनं हे काम फारच मनावर घेतलं. झाडाला बारक्या कैऱ्या धरायला लागल्या तशी ती रोज संध्याकाळी विळी घेऊन माझ्यासमोर बसू लागली. मी सूर धरायचा, तिनं कैरी खायची. आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, पण ती माझ्यासमोर इतका वेळ बसलेली मला आठवत नाही. आधी तर मी पहिल्या फोडीलाच बंद पडायचो. मग हळूहळू उमजलं, की पाणी सुटणं काही आपल्या हाती नाही, गिळणं आहे. गाण्याची ओळ संपते तिथं श्वास घ्यायचाच असतो. ओठाचा मधला भाग माउथपीसवरून न हलवता कोपऱ्यांतून श्वास ओढायचा आणि त्याच झटक्यात गिळायचं. जीभ खाली दाबून ठेवायची. ट्रम्पेटच्या नळीला पाणी काढायची एक चावी असते, ती करंगळीनं उघडून वाजता वाजताच पाणी खाली सोडायचं. मास्तर बाजूला खाटेवर बसून गिळण्याची मात्रा मोजायचे.

याचा एक परिणाम आम्ही कोणीच धरला नव्हता. वेणू रोज कैरी खाते ही बातमी आळीत फिरली. आमचा पोरगा तेव्हा कॉलेजात होता. एका दुपारी शेजारच्या दोघी बाया हसत हसत तिच्यासाठी डाळ्याचे लाडू घेऊन आल्या आणि मला बघून पदर तोंडाला लावला. वेणूनं लाडू ठेवून घेतले आणि त्यांना सांगितलं, "अवो, यायच्या बाजासाठी खाऊन राहिली मी!" त्यांचा विश्वास बसला नाही. माझ्याकडे बघून त्या जास्तच हसल्या.

एका संध्याकाळी मी सूर धरून बसलो असताना वेणूनं अर्धी फोड खाली टाकली. "माहे दात आंबले. आता मले जमत नाही, तुमी वाजवा नाही तं नका वाजवू." मास्तर खाटेवरून टुणकन उठले. "बस! यही तो बात है. अरे, ती आत्या बी माणूसच हाये!"

मला त्या क्षणी जे कळलं ते सगळ्या वरवंट्यांनी आणि माश्यांनी शिकवलं नव्हतं. इतकी वर्षं मी समजत होतो, की दारात टिकून राहायचं फक्त मला आहे.

लग्नाच्या दिवशी दिघोरीला मांडवापेक्षा जास्त गर्दी दारात होती. मोबाईल वर धरलेले. आत्या आता पुष्कळ पिकली होती, पण पाट तोच आणि ऐट तीच. मला बघून म्हणाली, "हा तोच होय का गा? मले वाटलं मेला." सगळे हसले. मी सूर धरला.

पहिली फोड. पाणी सुटलं, ओळ संपली, गिळलं. दुसरी फोड, तोच "टक्". माझ्या मानेवरून घाम वाहत होता, पण ओठ जागचा हलला नाही. नवरीच्या आईनं मुद्दाम ओवाळायला वेळ लावला. कधी दिवा विझला, कधी सुपारी सापडेना. पहिली कैरी संपली, आत्यानं दुसरी घेतली. मी गाणं संपलं की थांबायचं नाही म्हणून शेवटच्या ओळीवरून पुन्हा पहिलीवर येत होतो. मग मला दिसलं, की ती आता डाव्या दाढेनं चावते आहे. थोड्या वेळानं उजव्या. मग तिनं वारा आत ओढला, जसं आंबलेल्या दातांनी माणूस ओढतं. डोळ्यांत पाणी आलं. एक फोड तोंडाजवळ नेली, तशीच धरली आणि हळूच खाली ठेवली.

"खा ना वो आत्याबाई!" नवरीची आई ओरडली.

"तूच खाय," आत्या गाल धरून म्हणाली. "माहे दात गेले. ओवाळ लवकर, नाही तं हा आपल्या जिवाले खाते."

ओवाळणी झाली आणि मी थांबलो. लोकांनी नवरदेवाला सोडून धनराजला खांद्यावर घेतलं. मास्तर मागे उभे होते. शाबासकी द्यायची त्यांना सवय नव्हती. त्यांनी माझ्या हातातून अलगद ट्रम्पेट घेतला, नळीतलं पाणी काढलं, कोटाच्या बाहीनं पुसला आणि परत माझ्या हातात दिला. मला तेव्हा रडू आवरलं नाही.

पंगतीत आत्याला बुंदीही चावेना. तिनं मला बोलावून घेतलं. "इकडं बस गा. कोन्या बाजेवाल्यानं मले असं हरवलं नव्हतं." मग वरणात भात कुस्करत म्हणाली, "माह्या मौतीले तूच येजो. रडगाणं नको वाजवू. आज वाजवलं तेच वाजवजो. तवा अडवाले मी नाही राहणार, सुटला तू."

त्या मोबाईलवाल्यांनी आमची लढत जिल्हाभर पोचवली. पुढचे काही हंगाम आम्हाला बोलावणी आली ती बाज्यासाठी कमी आणि कैरीसाठी जास्त. कुठं चिंच, कुठं लिंबाचं लोणचं, एका ठिकाणी तर नवरदेवानंच घोडीवर बसून कैरी मागवली आणि स्वतःचाच शेला ओला केला. आत्याही नात्यात कुठं लग्न निघालं की आमचाच बाजा ठरवायला लावायची आणि पाट घेऊन यायची. कधी ती जिंकायची, कधी मी. हरली की माझ्या सात पिढ्यांचा उद्धार करायची आणि निघताना वेणूसाठी लोणच्याची बरणी द्यायची. खरं सांगतो, तिच्यासमोर जसा वाजलो तसा मी दुसऱ्या कोणासमोर कधी वाजलो नाही.

शेवटी धुमालीनं आम्हाला गाठलंच. मास्तर बपेऱ्याला पोराकडे गेले, लाल कोट मी पेटीत ठेवले. ओठ वापरला नाही तर महिन्याभरात सैल पडतो. मी अधूनमधून पाळीवर जाऊन त्याला जागं ठेवत असे, कशासाठी ते मलाही सांगता आलं नसतं.

गेल्या पौषात धनराजचा फोन आला. "आत्या गेली जी. तुमाले बलावून ठेवलं होतं म्हणे तिनं."

मी आणि वेणू सकाळच्या बसनं दिघोरीला गेलो. अंगणात माणसं जमली होती. मी लाल कोट घातला होता, त्याची कोणाला गंमत वाटली नाही. तिरडी उचलली आणि मी पुढं होऊन तिनं सांगितलं होतं तेच गाणं धरलं. ओठ शाबूत होता. सूर सरळ निघाला, मला स्वतःलाच बरं वाटलं. अंगण ओलांडून मांडवाचं दार असायचं तिथं आलो. दारात आत्यासमोर मी कितीदा उभा राहिलो होतो, त्यामुळे मान आपोआप खाली वळली, पाटाच्या जागी. तिथं नुसती सारवलेली जमीन होती. माझं तोंड कोरडं पडलं. सुटलेलं पाणी कसं गिळायचं ते मी आयुष्यभर शिकलो होतो. कोरड्या तोंडाचं काय करायचं ते कोणी शिकवलं नव्हतं. ओठावर ओठ चिकटला, सूर चिरकला आणि थांबला.

सगळे जागच्या जागी उभे राहिले. मी पुन्हा फुंकलं, नुसती हवा निघाली.

तेव्हा धनराजची सासू, आत्याची भावजय, जी पहाटेपासून रडत होती, तिनं पदरातून तोंड बाहेर काढलं. "पाह्य वो माय!" ती म्हणाली. "जाता जाताबी आत्याबाईनं याचा बाजा बंदच पाडला!"

बाया रडता रडता हसायला लागल्या. मग माणसं हसली. वेणू हसली, मीही हसलो, आणि हसता हसता माझ्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. धनराज तिरडीचा खांदा सोडून पुढं आला. मी ट्रम्पेट त्याच्या हातात दिला आणि त्याच्या जागी जाऊन आत्याला खांदा दिला.